तिसरी बसत नाही, मग दुसरी कुठली?

पत्र:

सप्रेम नमस्कार. माझं वय ६६. सातपूरच्या एका कारखान्यात टूलरूममध्ये नोकरी केली, आता निवृत्त. गंगापूर रोडला राहतो. वडिलांची ३१५ बोअरची रायफल १९९६ पासून माझ्या परवान्यावर आहे. २०११ मध्ये ओळखीच्या परवानाधारकाकडून ३७५ हॉलंड अँड हॉलंड मॅग्नम घेतली. शिकार कधी केली नाही, करायचीही नाही. यंत्र म्हणून या रायफलींचं वेड आहे, एवढंच. आता संग्रहात याहून मोठ्या बोअरची भर घालावी असं मनात आहे. दोन ठिकाणी बोलणी चालू आहेत. एका दुकानात ४५८ विंचेस्टर मॅग्नम आहे, बोल्टवाली, जवळजवळ नवी. दुसरी जिल्ह्यातल्या एका जुन्या घराण्यातली ५००/४६५ ची दुनळी. तिची काडतुसं नाहीत, आणि घरातले म्हणतात, "आजोबांनंतर कुणी उघडलीच नाही." एक मित्र म्हणतो, ४१६ रिग्बी मिळेपर्यंत थांब. बायको म्हणते, दोन पुरेत. मुलगी नाशिकलाच असते, कॉलेजात एनसीसीत होती, तिलाही यात रस आहे. कोणता बोअर घ्यावा? आणि घेतलीच तर दिवाणखान्यात भिंतीवर लावता येईल का?

– एक वाचक, गंगापूर रोड, नाशिक

उत्तर:

नमस्कार.

वहिनींचं बरोबर आहे, आणि कायदाही त्यांच्याच बाजूला आहे. २०१९ च्या डिसेंबरात शस्त्र कायद्यात दुरुस्ती झाली आणि एका माणसाकडे तीनऐवजी दोनच बंदुका राहू लागल्या. ज्यांच्याकडे तीन होत्या त्यांनी वर्षभरात एक पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक दुकानात जमा करायची होती. वारशानं आलेल्या हत्यारालाही सूट नाही, तेही दोनातच मोजतात. सूट आहे ती दुकानदारांना, आणि मान्यताप्राप्त रायफल क्लबच्या सभासदांना, तीही नेमबाजीच्या पॉइंट टू टू आणि एअर रायफलपुरती. तुमच्याकडे दोन आहेत. म्हणजे "पुढचा बोअर (नळीचा आतला व्यास, इंचाच्या हजारांशात) कोणता" या प्रश्नाआधी "आधीची कोणती जाणार" हा प्रश्न येतो, आणि तुमच्या पत्रात त्याबद्दल एक ओळही नाही.

परदेशातली मंडळी अशा रायफलींची रांग लावतात. ३७५ नंतर ४१६, मग ४५८, मग एखादी ४७०, आणि हौस फारच असली तर ६००. ते वाचून आपल्यालाही वाटतं की आपलाही जिना तसाच चढायचा. आपल्या जिन्याला दोनच पायऱ्या आहेत. त्यामुळे इथे मोठ्या बोअरची निवड ताकदीच्या तक्त्यावरून करण्यात अर्थ नाही. त्या दोन जागांत कोणत्या दोन रायफली शेजारी शेजारी शोभतात, हे बघायचं.

जागा रिकामी करायचा रस्ता मात्र तुमच्याच पत्रात आहे. शस्त्र नियम २०१६ मध्ये तरतूद आहे की परवानाधारकाला सत्तर वर्षं पूर्ण झाली, किंवा एखादं हत्यार त्याच्याकडे पंचवीस वर्षं राहिलं, यातलं जे आधी घडेल तेव्हा तो हयातीतच ते आपल्या कायदेशीर वारसाच्या नावावर करण्यासाठी अर्ज करू शकतो. तुम्ही सत्तरीचे नाही, पण वडिलांची ३१५ तुमच्याकडे १९९६ पासून आहे. पंचवीस वर्षं केव्हाच उलटली. मुलगी वारस आहे. तिला स्वतंत्र परवाना मिळाला तर ३१५ घरातच राहील आणि तुमच्या परवान्यावरची एक जागा मोकळी होईल.

इथे एक सांगून ठेवतो, कारण ही युक्ती पुष्कळजण भलत्या अर्थानं वापरतात. नाव मुलीचं आणि किल्ली बापाची, असं चालत नाही. अर्ज तिचा, पोलीस चौकशी तिची, शस्त्र हाताळणीचं प्रशिक्षण तिनं घ्यायचं, सुरक्षित ठेवण्याची सोय तिनं दाखवायची आणि नूतनीकरणाच्या वेळी रांगेतही तिनंच उभं राहायचं. तिला रस आहे असं तुम्ही लिहिलंय. तो एनसीसीच्या आठवणींचा रस आहे की आजोबांच्या रायफलीची जबाबदारी घेण्याचा, हे जेवणाच्या टेबलावर सरळ विचारा. जावयांनाही विचारा, घर त्यांचंही आहे. ती नको म्हणाली तर हा रस्ता बंद. मग दोनातली एक विकणं किंवा दोनावर थांबणं, एवढंच उरतं.

आता बोअर.

३७५ हॉलंड १९१२ सालची. तीनशे ग्रेन वजनाची गोळी सेकंदाला सुमारे अडीच हजार फुटांनी जाते. हरणापासून हत्तीपर्यंत एकाच रायफलीवर भागतं, अशी तिची ख्याती, आणि ती खोटी नाही. आफ्रिकेत एकच रायफल घेऊन जायची तर निम्मे लोक आजही हीच सांगतील. पण नाशिकमध्ये बसून सांगा, या गुणाचं तुम्ही काय करणार? आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव कायद्यानंतर शिकारीचा विषय संपला. तुम्हाला तो नकोच आहे, हे वाचून बरं वाटलं. मग "सगळ्या कामांना चालते" ही तारीफ लोखंडी कपाटात ठेवलेल्या रायफलीची कशी करायची? शिकार वजा केली की मोठ्या बोअरबद्दलचा निम्मा वाद आपोआप गळून पडतो. किती फूट-पौंड, धावत्या रेड्याला थांबवते की नाही, खांद्याला धक्का किती, हे सगळं बाद. उरतं ते घडण, इतिहास आणि अवस्था.

या तीन कसोट्यांवर ४५८ घासून बघू. ती विंचेस्टरनं १९५६ मध्ये काढली. दुनळी परवडत नाही, साधी बोल्टची रायफल हवी, पण ताकद जुन्या साडेचारशे बोअरच्या दुनळीची हवी, अशा अमेरिकी गिऱ्हाइकासाठी. अडीच इंचाच्या आखूड पितळी कवचात पाचशे ग्रेनची गोळी आणि भरपूर दारू कोंबली. सुरुवातीच्या वर्षांत त्या दाबलेल्या दारूचे गठ्ठे होऊन गोळ्या मंद पडल्याच्या तक्रारी खूप झाल्या, पुढे ते सुधारलं. आज तिचा सगळ्यात मोठा फायदा कोणता, तर काडतूस सहज आणि बेतात मिळतं. पण ते अमेरिकेत आणि आफ्रिकेत. तुमच्या दुकानदाराला विचारा, ४५८ ची एक पेटी आणून देतो का. तो चहा मागवेल आणि विषय बदलेल. घडण म्हणाल तर चांगली कारखान्यातली घडण, तुमच्या टूलरूमच्या नजरेला पाच मिनिटांत कळेल अशी. आणि इतिहास? ती जन्मली तेव्हा आपल्याकडची संस्थानं विलीन होऊन गेली होती. तुमच्या दुकानातली रायफल जवळजवळ नवी आहे म्हणता, म्हणजे आधीच्या मालकालाही तिचं काय करावं ते सुचलं नसावं.

४१६ रिग्बीसाठी थांब म्हणणारा मित्र जाणकार आहे, पण त्याला घाई नाही, कारण थांबायचंय तुम्हाला. १९११ ची रिग्बी, लांबलचक माउझर अ‍ॅक्शनवरची (अ‍ॅक्शन म्हणजे भरण्या-झाडण्याची यंत्रणा), ४१० ग्रेनची गोळी. देखणी चीज आहे यात वाद नाही. पण दुसऱ्या महायुद्धापर्यंत त्या मुळातच थोड्या बनल्या, आणि सामान्य परवानाधारकाला परदेशातून बंदूक आणायची मुभा १९८० च्या दशकापासून नाही. जे देशात आहे तेच हातोहात फिरतं. एखादी कागदपत्रांसह तुमच्यासमोर आलीच तर मला आधी कळवा, मग मित्राला. तिच्यासाठी जागा अडवून बसू नका. ६०० वगैरेचा विचार सोडा. नऊशे ग्रेनच्या गोळीची रायफल उचलूनच मनगट दुखतं.

राहिली ५००/४६५. माझं मत तिच्याकडे झुकतं, आणि कारण असं आहे की हा बोअर आपल्याच देशानं, म्हणजे आपल्या देशावर राज्य करणाऱ्यांनी, जन्माला घातलाय.

१८९८ मध्ये रिग्बी या लंडनच्या बंदूकवाल्यांनी ४५० नायट्रो एक्स्प्रेस काढली. कॉर्डाइट या नव्या बिनधुराच्या दारूवर चालणारी, आणि तोवरच्या काळ्या दारूच्या अवजड तोफखान्याला एका दमात जुनं ठरवणारी. हिंदुस्थानातल्या साहेबांनी आणि राजेरजवाड्यांनी ती उचलून धरली. पण त्याच सुमारास लष्कराच्या जुन्या मार्टिनी-हेन्री रायफली सरहद्दीवर आणि इतरत्र नको त्या हातांत पोचलेल्या होत्या. त्यांचा बोअर ४५०. शिकारीच्या नावाखाली आलेला साडेचारशेचा दारूगोळा त्या रायफलींना पुरवला जाईल, ही सरकारची धास्ती. म्हणून १९०७ च्या सुमारास हिंदुस्थान आणि सुदान इथे ४५० बोअर बंद झाला.

लंडन-बर्मिंगहॅमच्या बंदूकवाल्यांचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक एका फतव्यानं गेलं. त्यांनी काय केलं असेल? ताकद तीच ठेवली आणि गोळीचा व्यास केसभर बदलला. कुणी ४७० पुढे केली, कुणी ४७५, वेस्टली रिचर्ड्सनं ४७६. हॉलंडनं १९०७ मध्येच पाचशेचं कवच गळ्याशी आवळून त्यात ४८० ग्रेनची गोळी बसवली, ती तुमची ५००/४६५. वेग सेकंदाला सुमारे २१५० फूट. जुन्या साडेचारशेच्या जवळपास तेवढंच काम, फक्त मार्टिनी-हेन्रीत न बसणारं. संस्थानिकांच्या शस्त्रागारांत हॉलंडची दुनळी म्हटली की हा बोअर वारंवार भेटतो तो यामुळे. ताकदीचे तक्ते चाळणाऱ्या परदेशी माणसाला ४७० आणि ४६५ मधला फरक क्षुल्लक वाटतो, आणि आहेच क्षुल्लक. पण हे दोन्ही बोअर अस्तित्वात का आले याचं उत्तर कलकत्त्याच्या सरकारी कागदात आहे.

आता तुमच्या वडिलांच्या ३१५ कडे बघा. ती तुम्ही पत्रात एका वाक्यात उरकलीत. लष्कराची ३०३ नागरिकांच्या हातात नको, त्या फौजी काडतुसावर चालणारं काहीही नको, म्हणून आपल्याकडच्या नागरी रायफलीला ऑस्ट्रियाच्या जुन्या मानलिकर काडतुसाचा आठ मिलिमीटरचा बोअर दिला गेला. तीच ३१५. स्वतंत्र भारतातल्या सरकारी कारखान्यांनी तीच चालू ठेवली आणि ३०३ वरची बंदीही. म्हणजे तुमच्या घरातली सगळ्यात स्वस्त रायफल आणि त्या घराण्यातली सगळ्यात किमती दुनळी या एकाच धोरणाच्या दोन लेकी आहेत. कायद्यानं बोअर ठरवला, कारागिरानं वाट काढली. तुमच्या घरात, मुलीच्या परवान्यावर एक आणि तुमच्या परवान्यावर एक, अशा या दोघी आल्या तर त्याला मी संग्रह म्हणेन. ३१५ विकून ४५८ आणलीत तर ती नुसती खरेदी.

(जिम कॉर्बेटच्या मोठ्या दुनळीचं उदाहरण कुणीतरी तुम्हाला देईलच. ती जेफ्रीची ४५०/४०० होती. नावात साडेचारशे असली तरी गोळी चारशेची.)

इथवर गोड होतं. आता त्या घराण्याकडे जाण्याआधीचं.

"आजोबांनंतर कुणी उघडलीच नाही" हे वाक्य मला अजिबात आवडलेलं नाही. मी बंदुकीच्या दुकानात गल्ल्यामागे बसायचो तेव्हा असं बोलणारं घर आलं की आधी चहा नाही, आधी परवाना मागायचो. आजोबा गेल्यावर ती कुणाच्या नावावर चढली? चढली असेल तर त्या माणसाच्या परवान्यावर युनिक नंबर आहे का, नूतनीकरण चालू आहे का, परवान्यावर लिहिलेला क्रमांक आणि नळीवरचा क्रमांक एकच आहे का? आणि त्या घरात २०१९ साली एकूण किती बंदुका एका नावावर होत्या? तीन होत्या आणि तिसरी "राहून गेली" असेल, तर ती आज बेकायदा हत्यार आहे, मग तिच्यावर हॉलंडचं सोन्याचं नाव का कोरलेलं असेना. तुमच्या हातात आली की गुन्हा तुमचाही. विनापरवाना बाळगण्याची शिक्षा त्याच दुरुस्तीनं दोन ते पाच वर्षांवर नेली आहे. कागद नीट नसतील तर दुनळी बघायलाही जाऊ नका. एकदा बघितलीत की तुमचं डोकं चालणार नाही, मला माहीत आहे तुमची जात.

कागद असतील तर क्रम असा: तुमच्या परवान्यावर नव्या हत्याराची परवानगी आधी, बोअरच्या उल्लेखासकट. सौदा नंतर. विकणाऱ्यानं जिल्हा दंडाधिकाऱ्याला किंवा जवळच्या पोलीस ठाण्याला तुमच्या नावापत्त्यासह लेखी कळवायचं आणि मग किमान ४५ दिवस जाऊ द्यायचे. तुम्ही शहरात, म्हणजे तुमचा कारभार पोलीस आयुक्तालयात. ते घराणं ग्रामीण भागात असेल तर त्यांचा जिल्हाधिकारी कार्यालयात. दोन कार्यालयांत फाइल फिरणार आहे, तेव्हा दिवाळीचा मुहूर्त वगैरे धरू नका. विसार द्यायचाच असेल तर अगदी नाममात्र, आणि "परवानगी न मिळाल्यास परत" असं लिहून घेऊन.

बघायला जाल तेव्हा शहाणा बंदूक मिस्त्री बरोबर न्या, पण टूलरूमवाल्याला बरंचसं स्वतःलाही कळेल. उघडून दोन्ही चेंबर (काडतूस बसायच्या जागा) रिकामे असल्याची आधी खात्री करा. मग नळीखालचं लाकूड काढा, नळ्या दस्त्यापासून वेगळ्या करा, उलट्या धरा. खालच्या सपाट पृष्ठावर सगळी कुंडली असते. तलवार धरलेला हात आणि त्याखाली एन.पी. अशी खूण असेल तर ती लंडनच्या प्रूफ हाउसची, म्हणजे बंदुका तपासणाऱ्या संस्थेची, नायट्रो (बिनधुराच्या दारूची) चाचणी, मुकुटाखाली एन.पी. असेल तर बर्मिंगहॅमची. शेजारी कॉर्डाइट ७३, गोळी ४८०, कमाल, अशा अर्थाची ओळ सापडली की ती नळी नेमक्या या काडतुसासाठी तपासलेली आहे. एन.पी. कुठेच नसेल तर ती काळ्या दारूच्या जमान्यातली एक्स्प्रेस असू शकते. घरातली माणसं ऐकीव आकडा सांगतात. पाचशेच्या, साडेचारशेच्या अंगानं जाणाऱ्या बोअरांची नावं इतकी सारखी आहेत की चेंबरचा साचा काढून मोजल्याशिवाय मी कुणाच्या शब्दावर विश्वास ठेवला नाही. ४५०/४०० चंच बघा, तीन इंची आणि सव्वातीन इंची असे दोन प्रकार, एकाचं काडतूस दुसऱ्यात चालत नाही, आणि नळीवर कधीकधी नुसतंच ४०० लिहिलेलं.

खुणांच्या कडा बोथट, अक्षरं पुसट आणि निळाई मात्र चकचकीत दिसली तर कुणीतरी नळ्या घासून नवा रंग चढवलाय. स्क्रूच्या खाचा बघा. चांगल्या बंदुकीत त्या सगळ्या एका दिशेला, नळीच्या रेषेत असतात आणि कडा धारदार. खाच चावल्यासारखी दिसली तर पेचकस घेऊन कुणी हौशी आत शिरला होता.

मग नळ्या खालच्या आकड्यात बोट घालून हवेत लटकवा आणि बोटाच्या पेरानं हलकेच टिचकी मारा. दोन नळ्यांमधल्या पट्ट्यांचं डाक (सांधणारा धातू) शाबूत असेल तर देवळातल्या घंटेसारखा लांब सूर निघतो. बद्द आवाज आला, किंवा सूर थरथरून तुटला, तर डाक सुटलंय. पावसाळ्यामागून पावसाळे पट्टीखाली पाणी गेलं की असं होतं, आणि हे दुरुस्त करणारे हात आपल्याकडे आता जवळपास नाहीत. एवढ्या एका टिचकीवर मी तुमच्या जागी निम्मा भाव ठरवेन. दुनळीचं सगळं मोल तिथेच आहे: दोन नळ्या किंचित आत कललेल्या असतात आणि ठरावीक भाराच्या काडतुसावर, ठरावीक अंतरावर दोन्हींच्या गोळ्या एके ठिकाणी पडाव्यात म्हणून एका माणसानं पाचर सरकवून, डाक वितळवून, पुन्हा झाडून त्या जुळवलेल्या असतात. तुम्ही आयुष्यभर हजारांश इंच मोजलेत. हे काम बघून तुम्हाला जो आनंद होईल तो ४५८ च्या बोल्टमध्ये नाही.

नळ्या जोडून, लाकूड न लावता, बंद करा आणि हलवून बघा. खुळखुळ नको. उजेडाकडे धरून नळ्यांचा मागचा भाग आणि त्यामागची भिंत यांमधून फट दिसते का बघा. नळीच्या आत बघताना चेंबरच्या लगेच पुढचा भाग नीट बघा. जुन्या काडतुसांच्या टोप्यांमधल्या क्षारांनी आधी तिथे खड्डे पडतात. थोडे असतील तर चालवून घ्या. चाप ओढायचे तर डमी काडतुसं घालूनच, रिकामे घोडे पाडू नका. आणि नळी, अ‍ॅक्शन, पुढचं लाकूड या तिन्हींवरचा क्रमांक एकच हवा. तो जुळला की लंडनला लिहा. हॉलंडसारख्या जुन्या घरांत क्रमांकानुसार नोंदवह्या आहेत. कोणत्या साली कुणासाठी बनली ते कळू शकतं. नोंद सापडली तर तो कागद रायफलीइतकाच जपा.

काडतुसांचं म्हणाल, तर नाहीत हे गृहीत धरा. काइनॉक या ब्रिटिश कंपनीनं ही मोठी काडतुसं बनवणं पन्नासेक वर्षांपूर्वी सोडलं. पुढे परदेशात पुन्हा सुरू झाली, पण इथे तुमच्यापर्यंत पोचण्याचा रस्ता नाही. जुन्या संस्थानी पेट्यांतली कुणी "अजून चांगली आहेत" म्हणून देऊ केली तर घेऊ नका, झाडू तर मुळीच नका. घरी भरण्याचा विचार टूलरूमवाल्याच्या डोक्यात येणारच. तोही काढून टाका, काडतूस बनवायला स्वतंत्र परवाना लागतो. तसंही झाडणार कुठे? नाशिकमध्ये मोठा आवाज ऐकायची हौस देवळालीचा तोफखाना भागवतो, तीही फुकटात.

भावाबद्दल थोडंसं. लंडनच्या लिलावातले आकडे कुणी तोंडावर फेकले तर ऐकून सोडून द्या. शंभर वर्षांवरची वस्तू पुरावस्तू ठरते आणि परवानगीशिवाय देशाबाहेर जात नाही. ही दुनळी त्या वयाची असली तर लंडनचं गिऱ्हाईक तिला नाही. इथलं गिऱ्हाईक पिस्तूल-रिव्हॉल्व्हरच्या मागे धावतं, बिनकाडतुसाच्या दुनळीमागे नाही. विकणाऱ्यालाही तुमच्यासारखा माणूस वारंवार भेटणार नाही. हे त्याला बोलून दाखवू नका, पण घासाघीस करताना मनात असू द्या.

३१५ मुलीकडे गेली तर ३७५ ठेवता येते. दोन जागा, ३७५ आणि ४६५. पण मला विचाराल तर दुनळी आल्यावर वर्षभरानं ३७५ कडे पुन्हा बघा. तिला चालवणारं गिऱ्हाईक मिळेल, आणि एक जागा मोकळी असलेला माणूस त्या मित्राच्या ४१६ ची वाट खरोखर बघू शकतो. मुलगी नाही म्हणाली, तर ३१५ ठेवून ३७५ विका आणि ४६५ घ्या. आणि दुनळीचे कागद किंवा टिचकी, यांपैकी एकही खोटी निघाली तर काहीच घेऊ नका. ४५८ कडे नाइलाज म्हणून वळू नका, दुकानदार तेवढ्यासाठीच टपलेला असतो.

भिंतीवर नाही. परवान्यासोबत सुरक्षित ठेवण्याची जबाबदारी येते, आणि दिवाणखान्यात गणपतीला पन्नास माणसं येतात. भिंतीला बोल्ट केलेलं लोखंडी कपाट, किल्ली तुमच्याकडे. जुन्या चामड्याच्या पेटीत ठेवू नका, ती दिसते सुंदर पण चामडं आणि आतली बनात ओल धरतात आणि जुलै-ऑगस्टमध्ये नळीवर तांबूस ठिपके उठतात. पेटी वेगळी, रायफल वेगळी. हात लावला की पुसून तेलाचा अगदी पातळ हात फिरवायचा, तोंड खाली करून उभी ठेवायची म्हणजे तेल दस्त्याच्या लाकडात उतरत नाही, आणि सिलिका जेलच्या पुड्या पावसाळ्यात दर पंधरवड्याला तव्यावर गरम करून परत टाकायच्या.

भिंतीसाठी नळ्यांखालच्या खुणांचा मोठा फोटो काढून फ्रेम करा. त्याची एक प्रत मलाही पाठवा, फक्त क्रमांक झाकून.